गुरुग्रामच्या चौथ्या मजल्यावरची मराठी पाटी

दिल्लीला जायचं ठरलं ते आर्यामुळे. माझी ही आठ वर्षांची भाची दिल्लीतल्या द्वारकेहून गुरुग्रामच्या शाळेत जाताना रोज बसमध्ये ओकते. तिच्या बाबाला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, शाळेसमोरच्याच सोसायटीत भाड्याने फ्लॅट मिळत होता. "ताई, सामान लावायला ये," सुमेध म्हणाला आणि मी नागपूरहून गाडी धरली.

नवी दिल्ली स्टेशनवरून पिवळी मेट्रो थेट गुरुग्रामला जाते. टॅक्सीवाल्यांच्या नादी लागू नका. पहिल्या दिवशी आम्ही करोल बागेत नव्या फ्लॅटसाठी पडदे घेतले. तिथे निम्म्या किमतीपासून घासाघीस सुरू करायची. दमलात की गाडीवरचे छोले-कुलचे खा, साठ-सत्तर रुपयांत पोट भरतं.

दुसऱ्या दिवशी फ्लॅटवर गेलो. मालक पंजाबी, गप्पिष्ट. "मेश्राम? साउथ के हो? चलो, बढ़िया," म्हणाले. बोलणी पक्की झाली. आर्या गॅलरीतून शाळेचं गेट बघत होती.

निघताना समोरच्या दारावर मराठीत पाटी दिसली. मला काय हुरूप आला! सुमेध नको म्हणत असताना मीच बेल वाजवली. परमुलखात आपली माणसं, एवढंच डोक्यात.

दार उघडलं त्या काकूंनी आत बोलावून चहा केला, चिवडा दिला.

"आडनाव काय म्हणालात?"

"मेश्राम."

"अच्छा. नागपुरात कुठे?"

"इंदोऱ्याला."

"अच्छा, अच्छा," काकू म्हणाल्या आणि पुन्हा चिवडा घ्या म्हणाल्या नाहीत. दोन प्रश्नांत त्यांना आमची जात कळली होती.

तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. "बेटा, मुझे कोई प्रॉब्लम नहीं. पर सामनेवाली मराठी मैडम ने आपके बारे में बताया. रहना तो उन्हीं के सामने है ना."

सुमेधने "ठीक है, अंकल" म्हणून फोन ठेवला. मी मात्र तडक गुरुग्राम गाठलं आणि चौथ्या मजल्यावर जाऊन काकूंची बेल बडवली. दार उघडलं नाही.

हे अजून टिकलंच कसं, असं लोक मला विचारतात. असं टिकतं. शिका म्हणालात, शिकलो. इंजिनियर झालो, हजार किलोमीटर लांब गेलो. जिथे आमचं आडनाव कुणाला वाचता येत नव्हतं, तिथे ते वाचून दाखवायला एक काकू पुरल्या. शिवी नाही, भांडण नाही, वर चहा पाजला. आणि बेल मी वाजवली, याचा राग वेगळाच.

परत येऊन पंधरा दिवस झाले. पडदे माझ्याकडेच आहेत, द्वारकेच्या खिडक्यांना ते लांब होतात. आर्या अजून बसनेच जाते. काल व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आत्या, मेट्रोमध्ये एक मराठी आंटी होत्या."

"मग बोललीस त्यांच्याशी?"

"हिंदीत. पप्पांनी सांगितलंय, बाहेर कोणी मराठी भेटलं तर मराठी नाही बोलायचं."

मी तिला शहाणी आहेस म्हटलं. ते म्हणावं लागलं, याचाच संताप अजून जात नाही.