पिवळी चौकट आणि माझी एक ओळ

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या ऑफिसात नव्याने येणाऱ्यालाही पहिल्या आठवड्यात कळतं. चादरी-टॉवेलच्या कारखान्याचं हे ऑफिस सात रस्त्याजवळ आहे आणि कॉम्प्युटर म्हणून जे काही आहे ते सगळं माझ्या गळ्यात. एका सर्व्हरच्या पोटात सात व्हर्च्युअल मशिनं चालतात. डबा एकच, पण आत सात वेगवेगळे कॉम्प्युटर नांदतात. दर सोमवारी त्या सगळ्यांचा बॅकअप घ्यायला मी एक स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. सकाळी आठाला ती आपोआप चालायची आणि माझ्या मोबाइलवर ‘सर्व ठीक’ असा निरोप यायचा.

गुढीपाडव्याच्या आदल्या आठवड्यात डिझाइनचं मशीन उघडेना.

त्या मशीनवर आमचे डिझाइन मास्तर बसतात. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. त्यांच्या वडिलांनी हातमागासाठी ग्राफ पेपरवर काढलेल्या किनारी ते गेले सहा महिने एकेक चौकोन बघून कॉम्प्युटरवर उतरवत होते. साखरेमुळे त्यांची नजर उतरत चालली होती. बारीक काम आता थोडेच दिवस, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. कागद हातात धरले की तुकडे पडत. म्हणजे हे गेलं तर गेलंच. पुन्हा काढायला ना कागद उरले होते, ना डोळे.

मी तोऱ्यात म्हटलं, बॅकअप आहे, काळजी कशाला? मग बॅकअपची डिस्क उघडली. शेवटची नक्कल दसऱ्याच्या आधीची! मास्तर शेजारी स्टुलावर बसून होते. ते चष्मा पुसत होते, त्याचाही मला राग आला.

स्क्रिप्ट उघडली आणि वरच माझी ओळ दिसली. तिचा अर्थ एवढाच: चूक आली तर बोलू नको, पुढे चल. क्षुल्लक कारणासाठी स्क्रीनवर लाल अक्षरं यायची, मला कटकट व्हायची, म्हणून मीच ती घातली होती. ती पुसून स्क्रिप्ट पुन्हा चालवली तर लाल अक्षरांची रांग लागली. डिस्क जागेवर नाही. नक्कल झाली नाही. जागा संपली.

मग उलगडा झाला. खंडेनवमीला आम्ही मागांबरोबर सर्व्हरचीही पूजा करतो. तेव्हा या मशीनच्या बॅकअपची डिस्क मीच काढून फडक्याने पुसली, हळदकुंकू वाहिलं आणि परत लावताना शेजारच्या खाचेत लावली. कॉम्प्युटरच्या लेखी तिचा पत्ता बदलला. स्क्रिप्ट मात्र जुन्याच पत्त्यावर जाऊन हात हलवत परत यायची. नक्कल घेण्याआधी मशीनची त्या घडीची अवस्था गोठवतात, तिला स्नॅपशॉट म्हणतात. नक्कल झाली की तो पुसायचा असतो. इथे नक्कलच होत नव्हती, त्यामुळे दर सोमवारचा स्नॅपशॉट तसाच राहिला आणि बावीस साठून सर्व्हर तुडुंब भरला. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणावर ओरडणार?

जागा करायची म्हणून सगळ्यात जुन्या स्नॅपशॉटची फाइल निवडली. बोट डिलीटवर गेलंसुद्धा. मग आठवलं. स्नॅपशॉट म्हणजे उतरंड असते. खालचं मडकं काढलं की वरचं सगळं खाली येतं. मी हात मांडीखाली दाबून धरला. दुसरं एक मशीन बाजूला हलवून जागा केली आणि सर्व्हरला एकेक स्नॅपशॉट रीतसर विलीन करायला लावलं. त्यात कुणालाच घाई करता येत नाही.

चार टक्के. सहा टक्के. मी उठले, खाली गेले, चहा अर्धा टाकून वर आले. सहाच. पंख्याला, माउसला, उन्हाला, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की मी भांडते. दुपारी शेवटी मास्तरांनाच धरलं: इतक्या महिन्यांत तुमच्या स्क्रीनवर काहीच दिसलं नाही?

“दिसायची की. दर सोमवारी पिवळी चौकट. नक्कल झाली नाही म्हणून.”

“मग मला सांगायचं नाही?”

“सांगितलं की मॅडम, पहिल्याच सोमवारी. तुम्ही म्हणालात, मास्तर, चौकट आली की बंद करा, माझं डोकं खाऊ नका. मग मी बंद करत गेलो.”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला ते बोलणं आठवतही नव्हतं, पण वाक्य माझंच होतं. मी माफी मागितली. ते म्हणाले, असू द्या.

पाच वाजता मशीन उघडलं. मास्तरांनी चष्मा वर करून, नाक स्क्रीनला टेकेल इतकं जवळ जाऊन एकेक किनार पाहिली. सगळ्या होत्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी मोबाइलवर लाल अक्षरांत निरोप आला: डिझाइन मशीनची नक्कल अर्धवट. डिस्कची वायर सैल होती, पाच मिनिटांचं काम. ते उरकून मी मास्तरांकडे गेले. आज चौकट आली होती का, विचारलं. ते खुर्चीतून अर्धे उठले.

“आली होती,” ते म्हणाले. “पण मी लगेच बंद केली.”