निगडीची डहाळी

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी वनस्पती वाळवून, कागदावर चिकटवून द्यायच्या होत्या. आम्ही निगडीत राहतो आणि निगडी नावाचं झुडूपही असतं. गावाला नाव त्यावरूनच मिळालं असावं, असं सर म्हणाले होते. म्हणून मी तेच निवडलं.

दोन रविवार मी निगडीभर हिंडले. रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात कण्हेर होती, बंगल्यांच्या भिंतींवर बोगनवेल होती, निगडी मात्र कुठेच दिसली नाही. आई चाकणच्या एका कंपनीत वायरी जोडायच्या लाइनवर काम करते. तिला सहज सांगितलं, तर म्हणाली, कंपनीच्या कुंपणाला ढीगभर आहे, आमच्या बीडकडे तिला निरगुडी म्हणतात. एवढी शिकून झाड सापडेना का, असं म्हणून हसलीही.

दुसऱ्या दिवशी तिने डब्याच्या पिशवीतून निळसर तुऱ्यांच्या डहाळ्या आणल्या. मला तीन प्रती करायच्या होत्या. मी सगळ्याच डहाळ्या वर्तमानपत्रात दाबल्या आणि वर ट्रंक ठेवली.

सकाळी आई गॅसजवळ उभी होती. तवा तापला होता, पण त्यावर काहीच नव्हतं.

"एखादी डहाळी उरली का गं?"

नाही म्हणाले. "असू दे," म्हणत तिने उजव्या मनगटावर नुसतंच फडकं गुंडाळलं. तेव्हा दिसलं, त्या हातात बांगड्या नव्हत्या. मनगट सुजलं होतं. घरात महिनाभर येणारा वास मी बामचा समजत होते. ती रोज पाला गरम करून बांधत होती. सूज, सांधेदुखी, हे उपयोग मी आदल्या दिवशीच पुस्तकातून वहीत उतरवले होते.

सांगितलं का नाहीस, असं विचारलं.

"सांगितलं असतं, तर तू कॉलेज सोडून माझ्या जागी लायनीला उभी राहिली असतीस."

गेल्या वर्षी तिची कंबर धरली होती तेव्हा मी तेच म्हणाले होते.

मी ट्रंक सरकवली. एका प्रतीची पानं सोडवली, तव्यावर शेकली आणि तिच्या मनगटाला बांधली. रविवारी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हाताला विश्रांती द्यायला सांगितली. तिने दोन दिवस सुट्टी घेतली.

सरांना मी दोनच प्रती दिल्या. कॉलेज सोडलेलं नाही. तिसऱ्या दिवशी ती कंपनीच्या बसमध्ये चढली, तेव्हा पिशवी तिने डाव्या हातात धरली होती.