साडूचा समुद्र आणि माझा फ्लडलाइट

बुलढाणा जिल्ह्यात समुद्राची काळजी वाहणारा एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदच्या उन्हात, हा माणूस घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवून तीत प्रवाळ वाढवतो. धंदा शिंप्याचा. लग्नाचा कोट शिवावा तर त्यानेच. पण गिऱ्हाइकाची छाती मोजतानाही त्याचा एक डोळा टाकीकडे असतो. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राणी आहे, तो उजेडावर जगतो, उजेड कमी पडला तर मान लांबवून खंगतो आणि जास्त झाला तर पांढराफटक पडतो, हे मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. उजेड मोजायचं एक यंत्र त्याच्याकडे आहे, लांब दांडीच्या टोकाला बटणाएवढा डोळा असलेलं. टाकीच्या काचेवर शिंप्याच्या खडूने चौकोन आखायचे, एकेका चौकोनासमोर दांडी बुडवायची आणि मापाच्या वहीत, कुणाच्या तरी पँटच्या मापाखाली, उजेडाचा आकडा लिहायचा. माझ्या पुतणीच्या लग्नात तर तो हे यंत्र घेऊन स्टेजवर चढला आणि मंडपवाल्याला म्हणाला, "नवरदेवावर लय उजेड हाय अन् नवरी अंधारात. दिवा इकडं सरकव." मंडपवाल्याने सरकवला. फोटो चांगले आले, हेही कबूल करतो. उन्हाळ्यात लाइट गेली की त्याच्या घरी इन्व्हर्टरवर टाकी चालते आणि पाहुणे वर्तमानपत्राने वारा घेतात.

आता माझं दुखणं. नांदुऱ्याला माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. हातगाडीवर बल्ब विकता विकता मी ते उभं केलं. भाव करताना मी कोणाच्या बापाला ऐकत नाही, आणि राग माझ्या नाकावर असतो. अशा माणसाचा साडू टाकीचे दिवे पुण्याहून मागवतो! सात वर्षं मी हे मनात धरून होतो. गेल्या उन्हाळ्यात त्याचे दिवे बंद पडले आणि त्याचा फोन आला. "साडभाऊ, पुण्याचे दिवे यायले वेळ हाय. तवापर्यंत दोन लहाने दिवे द्या, दोन्ही टोकाले टांगू."

माझ्याकडे एका मंडपवाल्याने परत केलेला मोठा फ्लडलाइट पडून होता. मी तोच घेऊन पोचलो. "दोन काऊन? हा एकच लावा. अख्खं मैदान उजळते हा."

"मधात चार वार कापड अन् खांदे उघडे, असा कोट मी कोणाले शिवून देतो काय?"

"तुमी कोट शिवा! उजेडाचं मले नका शिकवू!"

माझा आवाज इतका चढला की मोठी मेहुणी चहा घेऊन आली आणि कप घेऊन तशीच परत गेली. त्याला त्याच दिवशी मुलीकडे नागपूरला जायचं होतं. जाताना एवढंच म्हणाला, "उंच टांगा. यंत्रानं मोजून टांगा." मी मोजलं नाही. ठेवला पाण्यापासून वीतभर वर. दिव्याचा धंदा करणारा मी, मला उजेड काय मोजायचा!

आठ दिवसांनी तो परतला आणि मला बोलावणं आलं. टाकीच्या मधोमध त्याचं सगळ्यात जुनं प्रवाळ आहे. सदऱ्याच्या बटणाएवढा तुकडा आणून सात वर्षांत त्याने ताटलीएवढा केला होता. ते चुन्यासारखं पांढरं पडलं होतं. कडेची प्रवाळं अंधारात राहिल्यामुळे माना वाकड्या करून मध्याकडे ताणली होती. मी वाटेत उत्तरं जुळवून ठेवली होती: व्होल्टेज, मीठ, उन्हाळा. त्याने काही विचारलंच नाही. दांडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "धरा." आम्ही सगळे चौकोन मोजले. मध्ये आकडा त्याच्या नेहमीच्या चौपट, कोपऱ्यात जवळपास काही नाही. भांडणात मला कोणी हरवलं नाही. पण हा भांडलाच नाही, याचा राग मला अजून आहे.

दुसऱ्या दिवशी मी प्रवाळाला मानवणारे दोन लहान निळे दिवे नेले. दोन्ही टोकांना, उंच, दोघांचा उजेड मध्ये एकमेकांत मिसळेल असे टांगले. सुरुवातीला रोज थोडेच तास, मग रंग बघून हळूहळू वाढवायचे.

"वाचते का हो?" मी विचारलं.

"जीव असन तर रंग धरन."

तेव्हापासून दर रविवारी मी एसटीने जातो. तिथे गेल्यावर कळलं की निळ्या दिव्याखाली हल्ली त्याला फिके रंग ओळखू येत नाहीत. सुईत दोराही मेहुणीच ओवून देते. म्हणून प्रवाळाचा रंग तो मला विचारतो. दुसऱ्याच रविवारी मी गिऱ्हाइकाला खूश करायच्या दुकानातल्या सवयीने बोलून गेलो, "हिरवट दिसून राह्यलं की!" तो खुलला आणि दिव्याचे तास वाढवायला त्याने हात नेला.

"थांबा," मी ओरडलो. "पांढरंच हाय अजून."

"आता तं हिरवट होतं?"

"ते दुकानातलं होतं."

तो हसला. माझ्यावर कधी हसला नव्हता तितका हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि बटणावरचा हात त्याने मागे घेतला.

परवाच्या रविवारी मी काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिलो. त्या जुन्या प्रवाळाच्या काठाला एका जागी नखाएवढा हिरवा ठिपका होता. मी तेवढंच सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं नाही, यंत्रही काढलं नाही. वहीत 'काठ, नखाएवढा' असं लिहिलं आणि दिव्याला पाव तास वाढवून दिला. उभ्या आयुष्यात माझ्या शब्दावर कोणी घासाघीस न करता काही केल्याचं मला आठवत नाही. मध्ये मात्र अजून पांढरंच आहे. ते भरेल की नाही हे त्यालाही ठाऊक नाही. आम्ही दोघं टाकीसमोर बसतो, तो विचारतो, आणि मी जेवढं आहे तेवढंच सांगतो.