पाद्री म्हणजे

शाळेत पोरी मला बघून नाक धरायच्या. पप्पा पाद्री होते, आणि मराठी पोरांना या शब्दातलं पहिलं अर्धंच ऐकू येतं. मी रडत घरी आले की पप्पा हसायचे. "अगं वेडे, पोर्तुगीजांनी आणलेला शब्द तो. अर्थ माहितीये? बाप! लोक उगाच म्हणतात, तू हक्कानं म्हण." चर्चमधले त्यांना पाळकसाहेब म्हणत. बाहेरच्यांसाठी मात्र ते पाद्रीच, आणि त्या म्हणण्यातला हेल कुठल्याच शब्दकोशात नाही.

निवृत्तीनंतर मी त्यांना हरसूलहून नाशकात आणलं. दोन फ्लॅट हातचे गेले. पप्पा आपणहून "मी पाद्री" असं सांगत, आणि घरमालकाचा कुणीतरी पुतण्या नेमका त्याच महिन्यात तिथे राहायला येणार असे. तिसऱ्या मालकांनी विचारलं, "वडील काय करायचे?" आडनाव आमचं चारचौघांसारखं, त्यावरून काही कळत नाही. पप्पांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "शिक्षक होते."

"वा! कुठे होतात, गुरुजी?"

"हरसूलला," पप्पा एवढंच म्हणाले. खोटं त्यांना जमत नसे.

फ्लॅट मिळाला. मालक गेल्यावर पप्पा म्हणाले, "पाद्री म्हणायची लाज वाटली, तर नुसतं बाप म्हणायचंस. अर्थ तोच आहे."

"तुम्हाला घर हवंय की अर्थ?" मी फटकन बोलले. तेव्हा ते मला बरोबरच वाटलं होतं, याची आज चीड येते.

पुढे तीन वर्षं अख्खी बिल्डिंग त्यांना गुरुजी म्हणत राहिली. त्यांनी बायबलला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. ते मी बघितलं होतं.

गेल्या महिन्यात पप्पा गेले. मालक हात जोडून दारात आले. "गुरुजींना कधी न्यायचं? अस्थींची काळजी करू नका, रामकुंडावर ओळखीचे आहेत माझ्या."

"ते गुरुजी नव्हते. माझे वडील पाद्री होते," मी म्हटलं. "दफन आहे."

मालकांचे हात खाली आले. "मग आधी सांगायचं ना, मॅडम. आम्हाला काय प्रॉब्लेम होता?"

खरंच नव्हता की आता म्हणायला काय जातं, देव जाणे. तो शब्द मी जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं, मान वर करून उच्चारला होता. पप्पा चार पावलांवर आतल्या खोलीत होते. दार उघडंच होतं.