पंपात अडकलेली बांगडी

आईचा फोन आला तेव्हा मी रोह्याला, सकाळची शिफ्ट करून नुकतीच घरी पोचले होते.

"भांड्यांची मशीन बंद पडली गो," ती म्हणाली. "पाणी आत तसंच साचून हाय. नुसती घुं घुं करते आणि थांबते."

"प्लग काढून ठेव. उद्या सुट्टी आहे, मी येते."

"घाई नाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सकाळचीच ये. ते बाजारात जातात तेव्हा."

ते म्हणजे बाबा. पेणच्या घरात आता ते दोघंच राहत होते. मी आयटीआय करून कंपनीत मेंटेनन्सला लागले होते. पंप, मोटर, व्हॉल्व्ह हे माझं रोजचं काम, त्यामुळे घरातलं काहीही बिघडलं की आई मेकॅनिकच्या आधी मलाच फोन करायची.

ती मशीन मीच त्यांना घेऊन दिली होती. त्यामागचं कारण सांगायला हवं.

बाबा जेवायला बसले की आधी रिकाम्या ताटावरून अंगठा फिरवायचे. अंगठा जरा ओशट लागला की ताट भिंतीवर. दुसऱ्यांदा लागला तर आईवर. तिच्या डाव्या भुवईत वाटीच्या काठाची खूण आहे. तिथे केस उगवत नाहीत. शाळेत असताना मी मागच्या मोरीवर बसून आईनं घासलेली सगळी भांडी काथ्यानं पुन्हा घासायचे. बोटांची सालं निघायची. तरी ताट उडायचंच. दोष त्या ताटात कधीच नसायचा हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

रिटायर झाल्यावर बाबा शांत होतील असं वाटलं होतं. उलट दिवसभर घरात बसून त्यांचा हात जास्त चालायला लागला. एका दुपारी त्यांनी कुकरचं झाकण मारलं आणि आईचं उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांना सांगितलं, मोरीत घसरली. हाडात पट्टी बसवली, पण तिची मूठ पुन्हा घट्ट वळली नाही. तवा धरला की हातातून सुटायचा. म्हणून मी मशीन आणली, ओट्याशेजारी बसवली, नळाला जोडली. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "घरात बाई धडधाकट असताना भांडी मशीन घासणार?"

आई मात्र मशीनवर खूश होती. मशीनमध्ये मीठ घालावं लागतं म्हटल्यावर तिला हसूच आवरेना. लग्नाआधी खाडीकाठच्या मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहिलेली बाई ती. "हिला पण मीठ लागतं? मग आपलीच हाय ती," असं म्हणून डब्यातलं खडे मीठ ओतायला निघाली होती. मशीनचं मीठ वेगळं असतं, म्हणून मी हात धरून थांबवलं.

तर त्या दिवशी मी पेणला पोचले तेव्हा बाबा घरात नव्हते. आईनं दार उघडलं. पदर दोन्ही हातांवरून ओढून घेतला होता. मला वाटलं पूजा करत असेल.

मी मशीनचं दार उघडून जाळ्या बाहेर काढल्या. तळाला काळपट पाणी उभं होतं, त्याला वास सुटला होता. आधी मगानं, मग स्पंजनं ते पाणी बादलीत उपसलं. बरंचसं लादीवर सांडलं. गाळणी काढून पाहिली. तिच्यात भाताची शितं होती, पण तेवढ्यानं पाणी अडत नाही. मागचा पाइप मोकळा केला, फुंकून बघितला. साफ होता. म्हणजे पंपच अडकला होता. तळाच्या खड्ड्यात हात घालून पंपावरचं झाकण काढलं आणि छोटं चाक बोटानं फिरवून पाहिलं. ते जागचं हलेना. स्क्रूड्रायव्हरनं हळूच उचकटल्यावर खाली काहीतरी किरकिरलं.

पहिला निघाला तो जाड काचेचा तुकडा. मग आणखी एक. आणि त्यांच्यामागे, चाकाच्या पात्यात रुतलेला, हिरव्या बांगडीचा तुकडा.

मी आईकडे वळले. "तुझ्या बांगड्या कुठायत?"

"वाढवली एक."

आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात.

"हात दाखव."

तिनं पदर सोडला नाही. मीच उठून बाजूला केला. दोन्ही हातांत एकही बांगडी नव्हती. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत जांभळा झाला होता आणि मनगटावर आडवी चीर पडली होती, नुकतीच खपली धरलेली.

"आमटी खारट झाली होती," ती सांगायला लागली. माझ्याकडे न बघता, मशीनकडे बघत. "मी खालच्या जाळीत भांडी लावत होते. त्यांनी काचेचा बाउल फेकला, तो आत पडून फुटला. मी तुकडे वेचायला हात घातला, तर त्यांनी दार वर लोटलं. हात आत असतानाच. दोनदा."

"आणि मग?"

"मग काय. सगळीकडे रक्त झालं होतं. मी मशीन लावून टाकली."

मी पुन्हा खाली बसले. पंपात हात घालून उरलेल्या काचा काढायला लागले. तेवढ्यात बाबा आले.

हातातली भाजीची पिशवी त्यांनी खाली ठेवली. लादीवरचं पाणी बघितलं, ओट्यावर मांडलेल्या काचा बघितल्या. "फेकून दे ती मशीन," म्हणाले. "एकदा सांगितलेलं कळत नाय?"

"आईचा हात तू दारात चिरडलास," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे केलं.

ते पुढे आले आणि मशीनच्या उघड्या दारावर लाथ मारली. बिजागरी कडकन मोडली, दार एका बाजूनं लोंबलं. माझा हात आतच होता. काच तळव्यात खोल गेली. मी ओरडले तशी त्यांनी माझी वेणी धरली आणि माझं कपाळ मशीनच्या काठावर आपटलं. एकदा आपटल्याचं मला नीट आठवतं. पुढचं आठवत नाही. डोळ्यांत रक्त उतरलं होतं आणि कानात घणघण चालली होती. त्यातून त्यांचा आवाज येत होता, "दोघींना पुरून टाकीन. दोघींना."

मग वेणीवरची पकड एकदम सुटली.

आईनं खालची जाळी दोन्ही हातांनी उचलली होती. तारेची, चांगली जड जाळी. ती पुढे धरून तिनं त्यांच्या छातीत ढकलली आणि मागे न हटता ढकलतच राहिली. बाबांचा पाय ओल्या लादीवरून सटकला. ओट्याच्या कडेवर खांदा आपटून ते खाली पडले. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ते लहान मुलासारखे कळवळायला लागले.

माझ्या बऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. त्यांचा गळा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्या क्षणी मला काय करावंसं वाटलं ते मी आजही मोठ्यानं बोलू शकत नाही. आईनं माझ्या मुठीवर हात ठेवला आणि स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. तिची मूठ वळत नव्हती, तरी तिनं तो काढला.

"त्यांना पडू दे," ती म्हणाली. "आधी तुझा हात बघू."

तिनं माझ्या तळव्यातली काच चिमटीनं उपसली, फडक्यानं घट्ट बांधलं, कपाळावर हळद दाबली. तोवर बाबा लादीवरून शिव्या देत होते. त्यानंतरच तिनं शेजाऱ्यांना हाक मारून रिक्षा मागवली.

दवाखान्यात मनगटाच्या वेळच्याच डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? बाबा म्हणाले, "घसरलो. स्वयंपाकघरात पाणी होतं."

डॉक्टर लिहायला लागले तशी आई पुढे झाली. "घसरले नाय ते. मी ढकललं." तिनं आपला जांभळा हात टेबलावर ठेवला. "हा त्यांनी केला. आणि मागं मनगट मोडलं तेव्हा मी पण घसरले नव्हते. खोटं सांगितलं होतं मी तुम्हाला."

तिचा आवाज जराही चढला नव्हता. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पोलिसांत सांगू का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई हो म्हणाली. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल.

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, बाबांना दोनदा बोलावलं, पुढे ते प्रकरण रेंगाळत राहिलं. पण आई परत त्या घरात राहायला गेली नाही. ती माझ्याबरोबर रोह्याला आली. बाबांचा खांदा जुळला, पण हात डोक्यावर जाईना. त्यांची बहीण त्यांना गावी घेऊन गेली. तिथेच ते तीन-चार वर्षांनी गेले. निरोप आला तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, "त्रास झाला का?" झोपेत गेले असं कळल्यावर मान हलवली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. ती गावी गेली नाही. मी गेले, दारातूनच परतले.

मशीन मी टेम्पोतून रोह्याला आणली. बिजागरी नवी बसवली, पंप बदलला, आतल्या बारीक काचा बॅटरीच्या उजेडात वेचून काढल्या. ती चालते. फक्त दार लावताना एका बाजूनं थोडं उचलून धरावं लागतं.

आईला माझ्याकडे येऊन बरेच महिने झाल्यावर एकदा माझ्या हातून स्टीलचं ताट निसटलं. मी वळून पाहिलं तर आई ओट्याखाली उकिडवी बसली होती, दोन्ही हात डोक्यावर. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. "पडलं गं ते. हातातून पडलं," मी म्हणाले. "व्हय," ती म्हणाली, "कळलं मला." पण हात खाली घ्यायला तिला वेळ लागला.

पेणला धाकानं उठायची तशी आता ती पहाटे उठत नाही. कधीकधी ऊन खिडकीतून तिच्या पायांवर येतं तरी झोपलेली असते. मी चहा करून झाकून ठेवते आणि आवाज न करता शिफ्टला जाते.