जिन्यावरचा दम

बहरीनमध्ये डोंगर नाही, तर माणसाने गप्प बसावं. आमच्या ह्यांनी माहूजमधल्या आमच्या बिल्डिंगचा जिनाच डोंगर ठरवला. पाठीवर तांदूळ भरलेली सॅक, पायात जाडजूड बूट, आणि रोज ऑफिसच्या आधी तळापासून गच्चीपर्यंत चढउतार. शेजारी आधी हसले, मग वैतागले. एकदा सॅक उसवली आणि तांदूळ पायऱ्यांवर सांडले. झाडले कोणी? मी.

हे सगळं कशासाठी, तर डुकराच्या शिकारीसाठी. रत्नागिरीकडे आमच्या गावात रानडुकरं शेती फस्त करायला लागली की वनखात्याची परवानगी काढून गावकरी रानात शिरतात. खालून माणसं ओरडत हाकारा घालतात, आणि वर घळीच्या तोंडाशी एकजण बंदूक घेऊन बसतो. ती जागा माझ्या सासऱ्यांची. थोरल्या दिरांची नजर अधू, म्हणून सासरे गेल्यावर ती ह्यांच्याकडे आली. पण गेल्या खेपेला पाला हलला मात्र, ह्यांनी बार काढला. ठासणीची बंदूक, बार एकच. डुक्कर बिथरून हाकाऱ्यात घुसलं आणि गावातल्या एकाची मांडी फाडली. हे इकडे परतल्यावर दिरांनी फोनवर बजावलं, "पुढल्या वर्षी दम असंल तरच बाबांच्या जागेवर बस. नायतर जागा दुसऱ्याला देतो."

हे फोन ठेवून थेट जिन्याला लागले.

मग उकडलेली अंडी आली, साखर बंद झाली. सुट्टीच्या दिवशी बुसैतीनच्या किनाऱ्यावर ती सॅक घेऊन धावणं आलं, आणि गाडीत पाण्याच्या बाटल्या सांभाळत मी. लेक मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ पिग." तिला हे अर्धा तास वडिलांच्या जागेचा मान समजावत बसले. माझा संताप संताप झाला होता. बरं, धावून धावून माणूस बदलला म्हणावं, तर तेही नाही. सिग्नल हिरवा व्हायच्या आत हॉर्न. चहा उकळायच्या आत कप पुढे.

शेवटी व्हायचं तेच झालं, गुडघा सुजला. हातापाया पडून सलमानिया हॉस्पिटलला नेलं. बसलो. आमच्या पुढे दोनच पेशंट उरले, तर हे उठून उभे. "यल्ला, चल. खलास. बरा आहे गुडघा." आणि लंगडत चालायलाही लागले! पार्किंगमध्ये गाडीत बसताच मी दिरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"तुम्ही ह्यांना दम आणायला सांगितलात. जिने चढून चढून गुडघा गेला ह्यांचा."

"जिने?" दीर ओरडलेच. "जिने कशाला? पळायला कुत्री हायत ना! दम धरायचा म्हटलं मी. डुक्कर सगळा समोर दिसंपर्यंत हलायचं नाय, मारायचं नाय. त्याला कधी बसता आलंय एका जागी?"

ह्यांनी काचेबाहेर तोंड फिरवलं. मला हसू यायला हवं होतं, पण इतके महिने फुकट गेल्याचा रागच आला.

त्यानंतर हे गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले. न हलता. पायाला मुंग्या आल्या तरी चेहरा तसाच. त्याचाही मला वैताग, कारण तिथेच माझे कपडे वाळत घालायचे असत.

लीव्ह मिळाली, हे गावी गेले. शिकारीच्या दिवशी मी कामावर फोन हातात धरूनच होते. दुपारी ह्यांचा फोन आला. आवाज कसातरीच.

"गेलं डुक्कर. मारलं नाही मी."

माझा तोल सुटला. "नाही मारलं? वर्षभर घर डोक्यावर घेतलंत, जिने झिजवलेत, गुडघा घालवलात, आणि समोर आल्यावर नाही मारलं?"

"पूर्ण दिसत नव्हतं. त्याच्या मागची झुडपं हलत होती," हे म्हणाले.

मी आणखी बोलणार होते. तेवढ्यात फोन दिरांनी घेतला. त्यांना धाप लागली होती.

"अगं, वरडू नको त्याच्यावर. वाट चुकून त्या झुडपात मी शिरलो होतो."