लगतदाराला विचारलं का?

पडद्यावरची रिकामी जागा बघून मी खुर्चीवरून उडी मारीन असं कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

भूमच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, माझ्या लॅपटॉपला जोडलेला एक उघडा संगणक होता आणि त्यात दूध संकलन केंद्राच्या वजनकाट्याला जोडायचं एक कार्ड. त्या कार्डाशी बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, दुरुस्त करायचं काम पुण्याच्या कंपनीनं मला दिलं होतं. संगणक सुरू केला की मेमरीच्या जोडणीत गडबड असल्याचा इशारा पडद्यावर यायचा. शुक्रवारपर्यंत तो गेला तर मला कायमचं घरून काम, नाहीतर सोमवारी पुण्यात हजर. आई गेलेली; मी पुण्याला गेले की वडील, म्हणजे अण्णा, इथं एकटे. मला जायचं नव्हतं, बस्स.

पण मी पडले तापट. दोन दिवस डोकं आपटल्यावर मी त्या इशाऱ्याचं तोंडच बंद केलं. तो पडद्यावर येणारच नाही अशी सोय केली आणि काम पाठवून मोकळी झाले. तासाभरात वरिष्ठांचं उत्तर आलं, "इशारा लपवलाय. चूक कुठे आहे?" मी लॅपटॉप असा आपटून मिटला की अण्णांच्या बशीतला चहा सांडला.

अण्णा जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात त्यांनी लोकांची शेतं मोजली.

"काय झालं गं?"

"अण्णा, संगणक प्रत्येक कार्डाला पत्त्यांचा एक तुकडा नेमून देतो, शेताचा द्यावा तसा. आमचा ड्रायव्हर तो तुकडा ताब्यात घ्यायला जातो, की हा बोंबलतो!"

"लगतदाराला विचारलं का?"

"कुणाला?"

"शेजारच्या शेतवाल्याला. मोजणीआधी आमी त्याला नोटीस देतो. ज्याचं शेत मोजायचं, त्याचं लई ऐकायचं न्हाय, तो सगळं आपलंच म्हणतो. बांध कुठवर कोरलाय, ते शेजारी सांगतो."

दोन दिवस मी फक्त आपल्याच कार्डाकडे बघत होते! लॅपटॉप उघडला, संगणकातल्या सगळ्या कार्डांच्या पत्त्यांची यादी काढली. आमच्या कार्डाला लागून नेटवर्कचं कार्ड. आमच्या वाट्याला चार केबी. आणि ड्रायव्हर? जुन्या, मोठ्या कार्डासाठी कुणीतरी लिहून ठेवलेला आकडा धरून तो चौसष्ट केबी घेत होता.

"अण्णा, बांध कोरलाय!" मी ओरडले.

"किती?"

"सोळापट घेतलंय!"

"बोंबला!" अण्णा म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले.

दुरुस्ती एका ओळीची. लिहून ठेवलेला आकडा काढून टाकायचा, तुझ्या नावावर किती आहे ते कार्डालाच विचारायचं आणि तेवढंच घ्यायचं. इशाऱ्याच्या तोंडात कोंबलेला बोळाही आधी काढला, नाहीतर पुन्हा तीच लबाडी. संगणक सुरू केला. ओळी सरकत गेल्या. इशाऱ्याची जागा आली आणि गेली. मी उडी मारली ती तेव्हा.

अण्णा पडद्याजवळ नाक नेऊन बघत होते. "हितं तर काहीच न्हाय की."

"तेच तर, अण्णा!"

ते हसले. "व्हय. मोजणीनंतर कुणी भांडायला आलं न्हाय, की समजायचं, बरोबर झाली."

शुक्रवारी दुपारी निरोप आला, "मंजूर. घरूनच चालू द्या." मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. अण्णा उठून आत गेले. मला रागच आला, निदान शाब्बास तरी म्हणावं माणसानं! ते परत आले ते माझी पुण्याची बॅग घेऊन. पुसून स्वच्छ केलेली, चेन लावलेली. मी तिला हातही लावला नव्हता.

"ही परत पलंगाखाली सार," ते म्हणाले. "आधी आतली चटणी काढ. दोन दिवस झाले कुटून."

शेंगदाण्याची चटणी होती, डब्याला वरून फडकं बांधलेली. मी डबा तसाच हातात धरून उभी राहिले. मग अण्णांनीच फडकं सोडलं, आणि आम्ही दोघांनी ती भाकरीबरोबर खाल्ली.